नाकात 5000 आरपीएमचं कटर? मायक्रोडिब्रायडरबद्दल माहितगारांनी सांगा

उद्यमनगरचा टर्नर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करतो, बावीस वर्षं झाली. तीन वर्षं नाक बंद आहे. आधी वाटलं धुळीनं असेल, कूलंटच्या (टूलवर सोडतात त्या थंड पाण्याच्या) वाफेनं असेल, म्हणून सोडून दिलं. मग वास यायचाच बंद झाला. मागच्या महिन्यात एका मोटरचं वाइंडिंग जळालं, तिकडच्या टोकाचा पोरगा ओरडत पळत आला आणि मी मोटरच्या शेजारीच उभा! तेव्हा दवाखान्यात गेलो.

सिटीस्कॅन झाला. दोन्हीकडं मास वाढलंय, पॉलिप म्हणतात, सोललेल्या द्राक्षासारखे घोस. औषधं, स्प्रे, गोळ्यांचा कोर्स सगळं झालं, पुन्हा जैसे थे. आता दुर्बिणीतून ऑपरेशन. घरी सगळ्यांना वाटलं लेझर असणार. मी डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, लेझर नाही, मायक्रोडिब्रायडर. मोटरवर चालतं, आत पातं फिरतं, 5000 पर्यंत आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे.

तिथंच माझी झोप उडाली. 4 इंची जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, असला तर मी 300-400 च्या वर स्पीड नेत नाही. आणि इथं माझ्या नाकात 5000? फीड कोण देतं, म्हणजे माल पात्याकडं कोण सरकवतं? कूलंट असतं का? चिप, म्हणजे कापून निघालेला माल, कुठं जाते? आणि डोळा शेजारी असताना टूल कुठं थांबवायचं हे कळतं कसं, आत कॅलिपर तर लावता येत नाही.

बायको म्हणते, तुम्ही काय मशीन विकत घ्यायला निघालाय का. पण कळल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही.

ओटीतला अण्णा

दादा, प्रश्न आवडले. नाशिकला कान-नाक-घशाच्या थिएटरात टेक्निशियन आहे, 18 वर्षं हे मशीन लावतोय, धुतोय. तुमच्याच भाषेत सांगतो.

एकात एक अशा दोन पोकळ नळ्या. बाहेरची साधारण 4 मिमी जाडीची, ती स्थिर. टोकाजवळ तिच्या बाजूला एक खिडकी कापलेली असते. आतल्या नळीलाही तशीच खिडकी, तिच्या कडेला धार, आणि ही आतली नळी मोटरवर फिरते. टोक बोथट असतं, ड्रिलसारखं पुढं घुसत नाही. कापणं होतं ते फक्त खिडकीत, कात्रीची दोन पाती एकमेकांवरून जावीत तसं.

फीड देतं सक्शन. नळीच्या मागं सक्शन जोडलेलं असतं. ते मासाला खिडकीत ओढून घेतं, पातं येऊन कापतं, कापलेला तुकडा त्याच नळीतून मागं बाटलीत. म्हणजे चिप पण सक्शनच नेतं. सक्शन बंद पडलं तर तुमचं 5000 आरपीएम नुसतं गुणगुणतं, कापत काही नाही. आम्ही मोटरपेक्षा सक्शनच्या पाइपाकडं जास्त बघतो, एक वाकला की सर ओरडतात.

कूलंट म्हणाल तर सलाइन. बाटलीतून थेंब थेंब नळीत येत राहतं. तुकडे ओले राहतात, नाहीतर रक्त आणि मास मिळून नळी चोंदते. चोंदली की काढा, पाणी मारा, तार घाला, परत लावा.

आता तुम्हाला उलटं वाटेल ते. मऊ मासाला पातं एका दिशेनं फिरवत नाहीत. थोडं इकडं, थोडं तिकडं, असं पुढंमागं. एका दिशेनं फिरवलं तर मास टर्निंगच्या लांब चिपसारखं गुंडाळून बसतं. आणि स्पीड कमी केला तर घास मोठा होतो! खिडकी जास्त वेळ उघडी राहते, सक्शन जास्त माल आत ओढतं. नाजूक जागी सर स्पीड वाढवायला सांगतात, कमी करायला नाही. हाड घासायचं असेल तेव्हा पातं काढून 'बर', म्हणजे घासायचा गोल दगडासारखा टोकाचा तुकडा लावतात, तो एका दिशेनं फिरतो, 12000 किंवा त्याच्याही वर.

सगळं पायाच्या पेडलवर. पाय उचलला की थांबलं.

उद्यमनगरचा टर्नर

अण्णा, लय भारी. हिशोब केला. 4 मिमी व्यास, 5000 फेरे, म्हणजे कटिंग स्पीड मिनिटाला जेमतेम 63 मीटर. मी रोज माइल्ड स्टीलला 90-100 नं चालवतो. उगाच घाबरलो म्हणायचं.

एक राहिलं. डॉक्टरांच्या एस्टिमेटमध्ये ब्लेडचा वेगळा आकडा आहे. ते दरवेळी नवं असतं का?

ओटीतला अण्णा

असायला पाहिजे. कंपनी पाकिटावर एकदाच वापरा असंच छापते. पण खरं सांगतो, पूर्वी मी जिथं होतो तिथं एकच ब्लेड धुऊन, गॅस स्टरिलाइज करून चारचार पेशंटला वापरलेलं पाहिलंय. बिल प्रत्येकाला नव्याचं. दोन नळ्यांच्या मधली जागा ब्रशनं नीट साफ होत नाही, आणि धार गेली की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू. कापत नाही, ओढतं. मासाबरोबर आजूबाजूचं चांगलं अस्तर पण सोलून येतं, मग खपल्या धरतात, भरायला वेळ लागतो. सरळ विचारा, पाकीट माझ्या माणसाला दाखवाल का? चांगला डॉक्टर रागवत नाही.

2021 च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे पेशंट आले तेव्हा आमचं मशीन सकाळी सुरू व्हायचं ते रात्री बंद. मेलेल्या भागातून रक्त येत नाही, म्हणून रक्त दिसेपर्यंत काढत जायचं. त्या दोन महिन्यांत मोटरचा हँडपीस इतका तापायचा की ओल्या टॉवेलात धरून ठेवायचो. असो, ते वेगळंच प्रकरण.

सायली_पुणे

माझं दोनदा झालंय, म्हणून लिहिते. मला दमा आहे आणि अ‍ॅस्पिरिन चालत नाही. अशा लोकांचे पॉलिप परत परत येतात म्हणे. मशीन कितीही भारी असो, ते वाढलेलं काढतं, वाढायचं कारण काढत नाही. पहिल्या वेळी मी दोन महिन्यांत स्प्रे सोडला, मिठाच्या पाण्याचं धुणं सोडलं, चार वर्षांत पुन्हा टेबलावर. दादा, तुम्हाला पेनकिलरनं कधी धाप लागली असेल तर आधीच सांगा डॉक्टरांना.

दुखलं फार नाही. नाकातलं पॅकिंग काढताना मात्र देव आठवले.

काननाकघसा

या क्षेत्रातला आहे, अण्णांनी बहुतेक बरोबर सांगितलंय. मूळ कल्पना नाकासाठी नव्हतीच. जॅक अर्बन या अमेरिकन इंजिनिअरने 1969 मध्ये पेटंट घेतलं, तेव्हा कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरची गाठ तुकडे करून ओढून काढायला ते वापरलं गेलं. मग गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये शेव्हर म्हणून रुळलं. नाकात आणलं सेटलिफ आणि पार्सन्स यांनी, 1994 मध्ये.

टर्नरभाऊ, कटिंग स्पीडचा हिशोब करून निर्धास्त झालात ते मात्र चुकलं. धोका स्पीडचा नाहीच, धोका ओढीचा आहे. नाक आणि डोळा यांच्यामध्ये हाडाचा जो पडदा आहे त्याचं लॅटिन नावच 'कागदी पत्रा' असं आहे. जुन्या चिमट्याने तो फुटला तर चरबी दिसते, सर्जन थांबतो. या यंत्राने फुटला आणि पाय पेडलवरच राहिला, तर सक्शन चरबी ओढतं, तिच्यामागे डोळा फिरवणारा स्नायू, काही सेकंदांत. हे पातं पॉलिप आणि स्नायू यांत भेद करत नाही.

कॅलिपर नाही हे खरं, पण मोजमाप आहे. सिटीस्कॅन समोर लावलेला असतो, तो तुमच्या नाकाचा ड्रॉइंग समजा. तुमचे डोळे कापडाखाली झाकत नाहीत, उघड्यावर ठेवतात, आणि सिस्टर त्यांच्याकडे बघत राहते. शंका आली तर ती डोळ्यावर हलकेच दाबते आणि आम्ही दुर्बिणीतून बघतो, आत काही हलतंय का. हललं, तर तो पडदा शाबूत नाही. काढलेला तुकडा पाण्यात टाकूनही बघतात: पॉलिप बुडतो, चरबी तरंगते.

आणि सक्शनच्या वाटेत जाळी लावून तुकडे पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. एका बाजूचाच पॉलिप असेल तर हे फारच महत्त्वाचं, तुमचे दोन्हीकडचे आहेत, तरीही पाठवावेत. बाटलीतून सगळं मोरीत ओतून देणारे असतात.

ऑपरेशननंतर वाकल्यावर एकाच नाकपुडीतून स्वच्छ, खारट पाणी ठिबकलं तर सर्दी समजून बसू नका, त्याच दिवशी फोन करा.

उद्यमनगरचा टर्नर

डॉक्टरसाहेब, 'हाड शाबूत नसेल तर हलतं' हे वाचून परत एक रात्र झोपलो नाही. पण बरं केलंत.

तिसरा आठवडा चालू आहे. ऑपरेशन झालं, सव्वा तास लागला. ब्लेडचं सीलबंद पाकीट भावाला दाखवलं, त्यानं फोटो काढून ठेवलाय, मी न सांगता. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, साधेच पॉलिप. पॅकिंगबद्दल सायलीताई बोलल्या ते शब्दशः खरं. रोज सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं धुतोय, बाटलीभर. जड उचलायला अजून बंदी, लेथच्या जड चकला (जॉब पकडतो तो भाग) हात लावायचा नाही.

काल नुसतं बघायला म्हणून कारखान्यात गेलो. दारातच कूलंटच्या टाकीचा वास आला. सडलंय पार. पोराला झापलं, किती दिवस झाले बदलून? तो म्हणाला, मालक, दिवाळीपासून विचारतोय, तुम्हीच म्हणत होता अजून चालतंय.