मदत हवी आहे : पाचवीच्या मुलांनी दिलेला पुरावा कसा तपासावा?

नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीला परिसर अभ्यास शिकवते. मुलांनी प्रयोग केला की नाही, हे मला तपासता येते. परंतु प्रयोगातून मिळालेल्या माहितीचा त्यांनी पुरावा म्हणून कितपत नीट उपयोग केला, हे ठरवताना मी अडले आहे.

वर्गातील बहुतेकांच्या घरी कांद्याची चाळ (कांदा साठवायची हवेशीर शेड) असल्याने ‘साठवलेला कांदा कशाने सडतो?’ हाच प्रश्न घेतला. उन्हाळ कांद्याचे १० नग जाळीच्या पिशवीत आणि १० नग तोंड घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून, पिशव्या न उघडता, मुलांनी तीन आठवडे दर सोमवारी वजन केले. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीत आतून पाणी सुटलेले होते आणि ६ कांदे सडले होते; जाळीतील एकच सडला होता, मात्र ओलावा उडून गेल्यामुळे वजन जाळीतल्या कांद्यांचेच अधिक घटले होते.

आता तीन उत्तरे पाहा. एका मुलीने लिहिले, ‘जाळीत कांदा टिकतो, कारण चाळीला खालून वारा लागला पाहिजे असे आजोबा सांगतात.’ निष्कर्ष बरोबर आहे, पण आमच्या प्रयोगाचा त्यात उल्लेखही नाही. आणि तरीही आजोबांचे म्हणणे इतक्या वर्षांच्या निरीक्षणावर उभे असताना त्याला ‘पुरावा नाही’ असा शेरा देणे मला जड जाते. दुसरीने ‘प्लॅस्टिक चांगले, कारण वजन कमी घटले’ असे लिहून वहीतील आकडे अचूक दिले, सडलेले कांदे मात्र सोडून दिले. (कांदा वजनावरच विकला जातो, तेव्हा तिचा विचार अगदीच पोरकट म्हणता येत नाही.) तिसरा म्हणतो, ‘जाळीतला सडलेला कांदा आधीच दबलेला होता.’ पहिल्या दिवशी तशी नोंद असती तर हा उत्तम पुरावा ठरला असता, पण वहीत ती नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या युक्तिवादाच्या आराखड्यावरून मी दावा, पुरावा आणि त्या दोहोंना जोडणारा तर्क असे तीन निकष धरून प्रत्येकी दोन गुण ठेवले. त्यानुसार चुकीच्या निष्कर्षाच्या दुसऱ्या मुलीला पहिलीपेक्षा अधिक गुण मिळतात. मला ते योग्य वाटते, पण पालकांना पटवून देणे अवघड आहे.

दुसरी अडचण लेखनाची. चर्चेत सर्वांना निरुत्तर करणाऱ्या एका मुलाने उत्तरात जेमतेम एक ओळ लिहिली. २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनासाठी (शिकताना वेळोवेळी होणाऱ्या मूल्यमापनासाठी) तोंडी काम हे साधन आहेच. पण ३४ मुलांची चर्चा ऐकत असताना कोणी कोणता पुरावा दिला, हे टिपायचे कसे? ‘प्रयोगात आवडीने सहभाग घेतो’ अशी ठरावीक वर्णनात्मक नोंद लिहून मोकळे होणे मला नको आहे.

घरातील जाणत्या माणसांचे म्हणणे आपण कोणत्या रकान्यात धरता आणि तोंडी युक्तिवादाची नोंद कशी ठेवता, हे प्राथमिकच्या शिक्षकांनी कृपया सांगावे. प्रत्यक्ष वापरलेला तक्ता असल्यास, तो अर्धवट असला तरी द्यावा. प्रथम सत्राच्या नोंदी मला दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पूर्ण करायच्या आहेत.