विशेष शिक्षिका एकटी, मुलं एकोणीस. तासिका वाटायच्या कशा?

प्राथमिकवाली:
आठवड्याला माझ्या हातात 24 तासिका आहेत आणि यादीत 19 मुलं. मुख्याध्यापक म्हणतात, सगळ्यांना सारख्या वाटा, म्हणजे कुणाची तक्रार नको. तसं केलं तर प्रत्येकाला जेमतेम एक तासिका येते. मागच्या वेळी कुठे थांबलो होतो ते आठवेपर्यंत घंटा होते!

बरं, यादी तरी सरळ कुठे आहे? सहा जणांकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे, त्यांचे पालक पहिला हक्क सांगतात. काहींना वर्गशिक्षकांनी पाठवलंय, कारण ते वर्गात दंगा करतात. चौथीतली एक मुलगी जोडाक्षर आलं की अडते, पण गप्प बसते आणि प्रमाणपत्रही नाही, म्हणून तिचं नाव शेवटी मीच घातलं. तुम्ही कुठला निकष लावता?

खडूफळा:
ताई, डोकी मोजून वाटप करूच नका. प्रत्येक नावापुढे लिहा की या मुलाला आत्ता जे हवंय ते तुमच्याशिवाय कुणी देऊ शकतं का. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेलं पण गणितात पुढे असलेलं मूल घ्या. त्याला नीट बसता येईल असं बाक, लिहायला जादा वेळ, लागला तर लेखनिक हवा. त्यासाठी तुमची तासिका कशाला? दंगेखोरांना बाहेर काढण्याआधी त्यांच्या वर्गात जाऊन बसा. फळ्यावरचं उतरवून घ्यायची वेळ आली की दंगा सुरू होतो, असं बऱ्याचदा दिसतं.

वाचनात एकाच पायरीवरची तीन-चार मुलं एकत्र घ्या, तुमची चौथीतली मुलगीही त्यातच. पण आठवड्यातून एकदा लांबलचक घेण्यापेक्षा रोज वीस मिनिटं घ्या, वाचन असंच मुरतं. खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासातून कुणाला उचलू नका, काही मुलांना दिवसभरात जमणारं तेवढंच असतं. आणि दोन तासिका वर्गशिक्षकांशी बोलायला राखा. मागितल्यावर लोक हसतील, तरी मागा.

एक आई:
वाचून पोटात गोळा आला. माझा मुलगा स्वमग्न आहे. ‘गरजेनुसार’ हा शब्द आमच्यापर्यंत पोचतो तोवर त्याची कपात झालेली असते. तासिका कमी करायच्या तर त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात लिहून द्या: का कमी केल्या, बदल्यात काय देणार, पुन्हा कधी बघणार. तोंडी आश्वासन नको. आणि सर्वांत अवघड मूल मदतनीसाच्या गळ्यात, सोपी मुलं प्रशिक्षित शिक्षिकेकडे, असं तेवढं करू नका. सर्रास होतं हे.

अनुस्वार:
आयर्लंडने 2017 पासून विशेष शिक्षकांचे तास एकेका मुलाच्या निदानावर न देता शाळेला एकगठ्ठा द्यायला सुरुवात केली. पुढचं वाटप शाळा गरज बघून करते. खासगी तपासणीचे पैसे भरू शकणाऱ्यांची मुलं आधी पुढे जायची, त्याला आळा बसावा हा एक हेतू. तोटा वरच्या ताईंनी सांगितलाच, कागद नसला की पालकाच्या हातात भांडायला काही उरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2006च्या दिव्यांग हक्क करारातलं कलम 24 प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे मदत द्यायला सांगतं. त्यामुळे गट करा, पण नोंद मुलागणिक हवी.

प्राथमिकवाली:
गट पाडून बघितले, कागदावर 24 मध्ये बसतंय. ताई, आराखड्यात लिहून देण्याचं पटलं, दर सहामाहीला पालकांसमोर बसून बघू. खरी अडचण वेगळीच आहे. एखादे शिक्षक गैरहजर असले की मला त्यांच्या वर्गावर बदली तासाला पाठवतात, मग कसलं वेळापत्रक!

खडूफळा:
आमच्याकडेही तेच. एक वही ठेवा. तारीख, कुठल्या वर्गावर गेलात, कुणाकुणाची तासिका बुडाली. महिनाअखेरीस न भांडता मुख्याध्यापकांपुढे ठेवा, वर्गांची नावं बघून तेच विचारात पडतील. आणि वाचनाचा गट पहिल्या तासाला लावू नका. कोण आलं नाही ते तेव्हाच कळतं आणि आधी तुम्हालाच हाक येते.