प्रमाणपत्र कोणाच्या नावावर घ्यावे?

नौपाड्यात डबे पुरवणाऱ्या ताईंनी एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी झाल्यावर फॉस्टॅक प्रशिक्षण (त्याच प्राधिकरणाचे अन्नसुरक्षेचे प्रशिक्षण) वेगळे घ्यावे लागते का, असे विचारले आहे आणि त्यावर कोणीतरी "दोन्ही एकच गोष्ट आहे" असे उत्तर दिले आहे, ते बरोबर नाही. नोंदणी किंवा परवाना व्यवसायाला मिळतो. फॉस्टॅकचे प्रमाणपत्र प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला मिळते आणि ते दोन वर्षे चालते. राज्य किंवा केंद्रीय परवाना असलेल्या व्यवसायात दर पंचवीस कामगारांमागे किमान एक प्रशिक्षित पर्यवेक्षक लागतो. म्हणून हे प्रमाणपत्र मालकाच्या नावावर घेऊन भिंतीवर टांगण्यापेक्षा, पहाटेपासून शेगडीपाशी असणाऱ्या व्यक्तीलाच प्रशिक्षणाला बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डब्यांच्या व्यवसायात खरी जोखीम भाताची असते. तांदळातील बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू (त्याची टणक, सुप्त रूपे) शिजवूनही टिकतात, आणि भात तासन्‌तास कोमट राहिला तर त्यांतून वाढणारे जंतू जे विष तयार करतात, ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्यामुळे सकाळचे मोठे पातेले झाकून ओट्यावर ठेवण्याऐवजी भात लगेच पसरट परातींत काढून निववावा आणि पाच अंशांखाली ठेवावा, किंवा गरमच द्यायचा असल्यास पासष्ट अंशांवर राखावा. (अंदाज हाताने घेऊ नये, टोकदार थर्मामीटर फार महाग नसतो.) कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी प्रशिक्षणापेक्षा वेगळी असून तिची प्रमाणपत्रे स्वयंपाकघरातच ठेवावीत, कारण तपासणीला येणारे अधिकारी तीही मागतात.