शिश्किनच्या रेखाटनात 'देवदार'?

इव्हान शिश्किन (१८३२–१८९८) या रशियन चित्रकाराच्या शाईतल्या एका चित्राखाली मराठी ओळ हवी आहे. उंच, सरळ खोडं, शेंड्याला तेवढा पाला. मी लिहिलंय, 'देवदारांच्या अरण्याचे निसर्गचित्र'. चालेल?

— देवदार नाही चालणार. तो हिमालयातला. शिश्किन वाढला कामा नदीकाठच्या येलाबुगात, तिथल्या रानात देवदार कुठला! सुईसारखी पानं दिसली की आपण देवदार म्हणून मोकळे होतो. तुमच्या वर्णनावरून झाड पाइन असावं. दाटीत वाढलेल्या पाइनच्या खालच्या फांद्या उजेडाअभावी वाळून गळतात, म्हणून खोड उघडं. स्प्रूस हा सुईसारख्या पानांचाच दुसरा वृक्ष सावली सोसतो, त्याच्या फांद्या बऱ्याचदा जमिनीपर्यंत टिकतात. शिश्किन असले फरक मोघम ठेवणारा नव्हे. 'चीड' म्हणता येईल, तो पाइनचाच हिमालयातला भाऊबंद. पण मी सरळ 'पाइन' लिहीन. 'सुरू' मात्र नको, वाचक थेट अलिबागला पोचायचा.

— 'निसर्गचित्र' म्हटलं की रंग डोळ्यांपुढे येतात. 'रेखाटन' लिहा. पण आधी ते रेखाटनच आहे ना, हे बघा. शिश्किनने एचिंगही पुष्कळ केली, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरून कागदावर घेतलेले छाप. एचिंगच्या छापाभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटतो. (पुस्तकातल्या प्रतीत तो कापलेला असला तर उपयोग नाही म्हणा.)

— माझी हरकत 'अरण्या'ला. त्या शब्दामागोमाग ऋषी, आश्रम, वनवास सगळे येतात आणि चित्र उगाच गूढ होतं. शिश्किनने त्याच्याच व्यात्का प्रांतातलं पाइनचं वन १८७२मध्ये रंगवलं, तर त्या चित्राच्या नावातच डोलकाठ्यांच्या लाकडाचा उल्लेख आहे. १८९८च्या मोठ्या चित्राचं नाव 'जहाजांची वनराई' अशा अर्थाचं. म्हणजे ती सरळसोट खोडं जहाजाच्या कामाचं लाकूडही आहेत. तुमच्या चित्रातही खोडांच्या त्या सरळपणाकडे नीट बघा. 'रान' किंवा 'वन' बरं.

— आभार. 'पाइनच्या रानाचे रेखाटन' करते. कोपऱ्यात एक पांढऱ्या सालीचं बर्च आहे, त्याला 'भूर्ज' म्हणू का?

— म्हणा की. आपला हिमालयातला भूर्ज त्याचाच भाऊबंद.

— वाचकाला पोथ्या आठवतील.

— आठवू देत. मध्ययुगात रशियातल्या नोव्हगोरोद शहराचे लोकही बर्चच्या सालीवर पत्रं लिहीत होतेच.