लेथवर लाकडी पॉपर (मासे पकडायचं तरंगतं आमिष): सगळे सारखे यावेत म्हणून टेम्पलेट कसं करावं?

गळवाला: सागाचे १२० मिमी लांब, २८ मिमी जाड पॉपर काढतोय. प्रत्येकाचं पोट वेगळंच येतं. टेम्पलेट (आकार तपासायची पट्टी) कशाचं करू?

खराद_कट्टा: ३ मिमी हार्डबोर्ड पुरे. आलेखाच्या कागदावर मध्यरेषा मारून अर्धाच आकार काढा, बोर्डावर चिकटवा, पट्टी लाकडावर चपखल बसेल असा उलटा आकार एका कडेला कोरा. पट्टीच्या दुसऱ्या, सरळ कडेला दर २० मिमीवर खाच करून तिथला व्यास लिहा. खाचांवरून लाकडावर पेन्सिलखुणा करायच्या. कॅलिपर (व्यास मोजायचा चिमटा) त्या व्यासापेक्षा १ मिमी जास्त ठेवून पार्टिंग टूलने (अरुंद पात्याच्या हत्याराने) चर पाडा, मग चर जोडत जा. ते जास्तीचं लाकूड पॉलिश पेपर खातो.

आकार तपासताना लेथ बंद! फिरत्या लाकडाला पट्टी लावली की कड झिजते, कधी हिसडाही बसतो. पट्टी अक्षाच्या रेषेतच धरा. तिरकी धरली तर चुकीचा आकारही बरोबर दिसतो.

सुरमई७: गळ अडकवायची तार आरपार जाते, तिचं भोक आधी, चौकोनी ठोकळ्यातच, दोन्ही टोकांकडून पाडा आणि त्याच भोकांवर सेंटर (लेथची लाकूड धरणारी टोकं) टेकवा. नंतर पाडलं तर ते हमखास मध्य सोडतं.

गळवाला: शेपटाकडे लाकूड थरथरतं, त्याचं काय?

खराद_कट्टा: शेपूट टेलस्टॉककडे (मोटरच्या विरुद्ध बाजूच्या आधाराकडे) ठेवा आणि शेवटी बारीक करा.