मदत हवी: हेम्पच्या (कमी नशेच्या भांगेच्या) सगळ्या नमुन्यांत सीबीडीए शून्य

विक्रोळीकर: उत्तराखंडातल्या परवानाधारक शेतावरून जास्त सीबीडीएवाली (सीबीडीए म्हणजे भांगेतल्या सीबीडी या द्रव्याचं मूळ आम्लरूप) झाडं निवडायची आहेत, न तापवलेल्या अर्कासाठी. मुंबईतल्या लॅबचा रिपोर्ट आला: सीबीडी भरपूर, सीबीडीए शून्य. संकर फसला का? बियाणं लगेच ठरवायचंय, पटकन सांगा.

पिपेट: यंत्र कोणतं? जीसी (तापवून, वाफ करून मोजणारं) की एचपीएलसी (द्रवातच, न तापवता मोजणारं)? वाळवलं कसं?

विक्रोळीकर: जीसी. ओव्हनमध्ये वाळवलं. त्याचा संकराशी काय संबंध?

पिपेट: संकराशी नाहीच, म्हणून तर विचारलं. झाड मुळात सीबीडीएच बनवतं. जीसीचा इंजेक्टर २५० अंशांच्या आसपास असतो, तिथे कार्बन डायऑक्साइड निघून सीबीडीएचं सीबीडी होतं. एचपीएलसी करा, यूव्ही (अतिनील प्रकाश) २२८ नॅनोमीटरवर. जीसीच हवं तर आधी सिलिलेशन (आम्लाला सिलिल गट जोडून ते उष्णतेत टिकवणं) करून घ्या. एकूण सीबीडी = सीबीडी + ०.८७७ × सीबीडीए (कार्बन डायऑक्साइड गेल्यावर तेवढंच वजन उरतं).

गवतीचहा: आधी ओव्हन बंद करा! १०० अंशांवर भाजलं असेल तर एचपीएलसीसुद्धा काय दाखवणार? फ्रीझ-ड्राय करा, नाहीतर सावलीत वाळवून सिलिका जेलच्या डब्यात. मुंबईच्या पावसाळ्यात नुसतं पसरून ठेवलंत तर बुरशी धरेल.

जनुकवाला: कशाला एवढं? रोपावस्थेतच पीसीआर मार्कर (डीएनए चाचणी) लावा. बीडी/बीडी (सीबीडीए बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेली) ठेवा, बीटी (टीएचसीए, म्हणजे नशेच्या टीएचसीचं आम्लरूप, बनवणारं जनुक) असलेली काढून टाका. एफ२ मध्ये (संकराच्या दुसऱ्या पिढीत) बीडी/बीडी, बीडी/बीटी, बीटी/बीटी असं १:२:१ मिळतं.

पिपेट: मार्कर प्रकार सांगतो, प्रमाण नाही. बीडी/बीडी झाडांतही कुठे २ टक्के, कुठे ८. मोजावंच लागतं.

जनुकवाला: पण दोनशे रोपं मोजायचा खर्च कोण देणार? आधी चाळा, मग मोजा.

पिपेट: हे मान्य. नमुना मात्र प्रत्येक झाडाच्या एकाच उंचीवरच्या फुलोऱ्याचा घ्या. खालच्या पानांत ही द्रव्यं बनवणाऱ्या ग्रंथी कमी, आकडा घसरतो.

खवय्या: भांगेच्या बियांची चटणी कुमाऊंत खातात, मस्त लागते. एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२१ मध्ये बियांना परवानगीही दिली आहे.

गवतीचहा: बिया नव्हे हो, इथे फुलोरा चाललाय! आणि एनडीपीएसखाली (अमली पदार्थ कायद्याखाली) फुलोरा म्हणजे गांजाच. विक्रोळीकर, मुंबईत नमुना आणायचे कागद आहेत ना?

विक्रोळीकर: लॅबकडे असतील. सीबीडीए जितका जास्त तितकं चांगलं ना?

पिपेट: नाही. सीबीडीए बनवणारं एन्झाइम थोडं टीएचसीएही बनवतं, साधारण २०-३० भागांमागे १. एकूण सीबीडी ६ टक्क्यांच्या वर गेलं की परवान्यातली ०.३ टक्के टीएचसीची मर्यादा धोक्यात. लॅबला दोन्ही आम्लं वेगवेगळी मोजायला सांगा. आणि लॅबकडे 'असतील' म्हणजे काय, कागद स्वतः बघून घ्या.

विक्रोळीकर: एचपीएलसीचा दर काय पडेल?

खवय्या: चटणीत लिंबू घालायचं, चिंच नाही.