प्रतिसाद: आजीच्या पेटीतले चांदीचे रुपये

ताई, इतवारीच्या सराफाने तुमच्या रुपयांचा नुसता वजनावर भाव सांगितला आणि भाच्याने मोबाईलवर लाखांची जाहिरात दाखवली, म्हणून तुमचा गोंधळ झालाय. आधी साल बघा. 1862 चा राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा) रुपया जुना म्हणून महाग, असं नसतं. तेच साल टाकून पुढे कित्येक वर्षं रुपये पाडले गेले, त्यामुळे ते भरपूर मिळतात. उलट 1939 चा सहाव्या जॉर्जचा रुपया खरोखर दुर्मिळ. पण 1938 च्या आठाचा नऊ करून विकणारेही आहेत, तेव्हा शेवटचा आकडा भिंगाखाली धरा.

वजन साधारण 11.66 ग्रॅम भरायला हवं. 1940 च्या आधीच्या रुपयात चांदी सुमारे 92 टक्के, 1940 ते 45 च्या रुपयात निम्मी, आणि 1947 चा तर निव्वळ निकेलचा. सराफाने सगळे एकाच भावाने धरले असतील तर तिथेच थांबा. तो चांदी तोलतो, दुर्मिळपणा नाही. त्यासाठी नाणी जमवणाऱ्या दोघातिघांना तरी दाखवा.

आणि कृपा करून चिंच-पितांबरी लावू नका! तो काळपट थर संग्राहकाला हवाच असतो. घासलेलं नाणं हातात घेताच कळतं आणि भाव पडतो. पेटीतलं रामदरबार आणि 1818 साल असलेलं ते ईस्ट इंडिया 'कंपनीचं' नाणं बाजूला काढा, कंपनीने तसं कधी पाडलंच नाही. जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी कमिशन मागितलं तर एक पैसाही देऊ नका. बँक असा व्यवहार करत नाही, हे तिने 2021 मध्ये जाहीर केलंय.

1939 चा निघाला तर दोन्ही बाजूंचे फोटो टाका.